चाकाखालची फरशी

एक फूट लांब, एक फूट रुंद आणि इंचभर जाड शहाबादी फरशीचे वजन सहा किलोच्या आसपास भरते. मोटार उभी करायला दहा बाय अठरा फुटांची जागा धरली आणि तिथे दीड इंची फरशी घातली, तर दीड टनाहून जास्त दगड लागतो. प्रीमियर पद्मिनीसारखी गाडी टनभरही भरत नसे. गाडीपेक्षा तिच्याखालची फरशी जड, हा हिशेब बंगल्याच्या नकाशात कुठे मांडलेला नसतो. पण महाराष्ट्रातल्या घरांच्या जमिनी कधी आणि कशा बदलल्या हे समजून घ्यायचे, तर सुरुवात या वजनापासूनच करावी लागते. एवढा दगड दारापर्यंत आणायचा कसा? आणि आणल्यावर त्याला टेकणार काय: बैलाचा खूर, लोखंडी धाव, रबरी टायर की स्कूटरचा स्टँड? वाहनाच्या जागेची जमीन वाड्यांच्या काळापासून या दोन प्रश्नांवर ठरत आली आहे.

बहुसंख्य घरांपुढे पहिला प्रश्न उभाच राहत नसे, कारण जमीन जागच्या जागी तयार होई. मुरूम आणि माती पसरायची, पाणी शिंपायचे, धुम्मसाने चोपून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. पोपडा निघाला, उंदराने बीळ केले, लग्नकार्यात माणसांची वर्दळ झाली, की पुन्हा सारवण. ही जमीन टिकत असे ती घरातल्या बायकांच्या हातांवर. त्या श्रमांची नोंद बांधकामाच्या कुठल्या हिशेबात कधी झाली नाही. अनवाणी पायांना ती मऊ आणि गार लागे. गोठ्यात मात्र तिचे काही चालत नसे. बैलांचे खूर ती उकरत, गोमूत्राने ती भिजून चिखल होई. म्हणून जिथे ऐपत होती तिथे घराच्या आत शेणाची जमीन आणि गोठ्यात दगड, अशी उलटी वाटणारी व्यवस्था असे. माणसे मातीवर आणि जनावरे दगडावर. गोठ्यातले दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले, सांध्यांत खुराला पकड मिळेल असे, आणि सगळ्या जमिनीला मागच्या नाल्याकडे ढाळ दिलेला.

वाड्यांमध्ये घोडे, मेणे, गाड्या यांची ये-जा असे. तिथे पुढचा चौक फरसबंदी. हा दगड बहुतेक ठिकाणी तिथलाच काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांखाली गेलेला आहे, त्यामुळे दगडाला तोटा नव्हता. अडचण होती ती त्याच्या स्वभावाची. बेसॉल्ट कठीण आणि घट्ट विणीचा. पातळ, सरळ पापुद्रे निघावेत असे नैसर्गिक थर त्याच्यात नसतात. एक सपाट फरशी हवी तर पाथरवटाने टाकीचे हजारो घाव घालून ती घडवायची. त्यामुळे घडीव काळा दगड जोत्याला, पायऱ्यांना, उंबऱ्याला, चौकाला आणि हौदाला लागे. माजघराच्या जमिनीपर्यंत तो सहसा पोचत नसे. पण जिथे लागला तिथे टिकला. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली, १७३२ मध्ये वास्तू उभी राहिली आणि १८२८ च्या आगीत तिचे लाकडी मजले जळून गेले. आज आत फिरताना दिसतात ती दगडी जोती, हौद, कारंजी आणि पायवाटा.

लोखंडी धाव चढवलेल्या बैलगाडीच्या चाकासमोर मऊ दगड इतका काळ तग धरू शकला नसता. अरुंद धाव, वर गाडीचे आणि मालाचे वजन, आणि प्रत्येक वळणावर होणारे घर्षण. मऊ दगडात अशा चाकांनी चाकोऱ्या पडतात. घोड्याच्या नालांचा त्रास वेगळा: गुळगुळीत दगडावर नाल घसरतो. म्हणून चौकातला दगड सपाट करूनही त्यावरच्या टाकीच्या खुणा ठेवून देत. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या निळ्या विटा तबेल्यांसाठी खास चौकड्या पाडून भाजल्या जात, त्यामागची गरजही हीच: पाणी खाचेतून वाहून जावे आणि खुराला अडकायला कड मिळावी. आजच्या इमारतींच्या पार्किंगमध्ये दिसणारी चौकड्यांची चेकर्ड टाइल त्या तबेल्याच्या विटेचीच गरज भागवते.

आता शहाबाद. कलबुर्गी जिल्ह्यातले हे गाव ज्या भागात आहे तिथे लाव्ह्याची चादर संपते आणि तिच्याखालचा कितीतरी जुना खडक उघडा पडतो. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक समुद्राच्या तळाशी, शंखशिंपल्यांची सृष्टी अवतरण्याआधीच्या काळात साचला. बारीक गाळ थरावर थर बसत गेला आणि ते थर बऱ्याच अंशी आडवेच राहिले. म्हणून खाणीत पहार घालून थर सुटा केला की दगड आपणहून सपाट तुटतो. बेसॉल्टच्या बाबतीत पाथरवटाच्या छिन्नीला जे करावे लागे ते इथे निसर्गाने आधीच करून ठेवले होते. करडा, निळसर, कुठे पिवळट छटेचा हा दगड कडेने नीट केला की फरशी तयार.

दगड तिथे युगानुयुगे होताच. तो पुण्या-मुंबईला स्वस्तात पोचावा यासाठी आगगाडी यावी लागली. बैलगाडीवर अर्धा-एक टन माल घालून शेकडो मैलांचा प्रवास करायचा, तर दगडाच्या किमतीपेक्षा भाडेच कैक पटींनी वाढे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून १८६० मध्ये सोलापूरला पोचला. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये खुली झाली आणि मुंबई सलग जोडली गेली. पुढे हाच मार्ग कलबुर्गी, शहाबाद, वाडी असा जात १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाला. वाडीहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे १८७४ मध्ये सुरू झाली. खाणींच्या दाराशीच स्टेशन आले. निजामाच्या मुलखातला दगड ब्रिटिश मुलखातल्या शहरांत वॅगनमधून येऊ लागला, आणि ज्यांनी काळा दगड कधी घराच्या आत आणला नव्हता अशा मध्यमवर्गीय घरांच्या ओट्या, स्वयंपाकघरे आणि मोऱ्या त्याने व्यापल्या. रेल्वेचे फलाट, शाळा, दवाखाने, चाळींचे व्हरांडे, सगळीकडे तीच करडी फरशी. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन कलबुर्गी म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्रातल्या माणसाच्या पायाला रोज लागणारा दगड तेव्हापासून शेजारच्या राज्यातला आहे.

फरशी आणली म्हणजे जमीन झाली असे नव्हे. तिच्याखाली भरावाचे सोलिंग, त्यावर मुरूम, धुम्मस, पाणी, आणि मग चुन्याच्या मालाचा थर. चुना घाणीत मळला जाई. बैल वर्तुळाकार फिरून दगडी चाक ओढत आणि चरातला चुना-वाळूचा माल एकजीव होई. चुनेगच्चीसारख्या कामांत त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालत. असा माल सावकाश आवळे, पण जमीन थोडी खचली, थंडी-उन्हाने दगड हलला, तर तो न फुटता जुळवून घेई. चांगला गवंडी फरशी बसवून झाल्यावर थापीच्या मुठीने कोपऱ्याकोपऱ्यावर ठोके देऊन ऐके. भरीव आवाज आला तर ठीक. ‘पोकळ’ वाजली तर फरशी उचलून पुन्हा माल भरायचा. शेवटी दरजा भरायच्या आणि पाणसळ लावून ढाळ पाहायचा.

त्या ठोक्याचे मोल मोटार आल्यावर जास्त कळले. गाडीच्या एका चाकावर अडीच-तीनशे किलो भार येतो, पण हवेचे टायर तो तळहातापेक्षा मोठ्या जागेवर पसरवते. दर चौरस सेंटीमीटरला दाब पडतो जेमतेम दोन किलो. चुनखडक चुरण्यासाठी लागणारा दाब याच्या शेकडो पट असतो. म्हणजे नुसत्या वजनाने शहाबादी फरशी चुरडत नाही. ती मोडते ती वाकल्यामुळे: खाली पोकळी राहिली, वर चाक आले, आणि दगडाला वाकणे ठाऊक नसल्याने आडवी चीर गेली. गाड्यांच्या जागेत दिसणाऱ्या फुटक्या फरश्यांपैकी बऱ्याच अशा मोडलेल्या असतात आणि दोष मात्र दगडाला दिला जातो.

डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले १८८८ मध्ये. एकोणिसावे शतक सरताना मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी आल्या. धनिकांच्या बंगल्यांत बग्गीखाने आणि तबेले होतेच. सुरुवातीला मोटार तिथेच उभी राहिली. घोडा गेला तसा दगडाच्या खडबडीतपणाचा उपयोग संपला आणि नवी गरज पुढे आली. गाडीतून तेल गळते, ग्रीस सांडते, गाडीखाली झोपून काम करावे लागते, ती रोज धुवावी लागते. सपाट, धुता येईल अशी, पाणी बाहेर काढणारी जमीन हवी झाली. रबरी चाकाने बेसॉल्टची सक्ती उठवली आणि शहाबादी फरशीला गाडीच्या जागेत वाट मोकळी करून दिली.

गॅरेज ही घराची नेहमीची खोली म्हणून मुंबईत रुजले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीत गाड्यांची जुळणी सुरू केली. बॅकबेच्या भरावावर आणि ओव्हल मैदानासमोर १९३० च्या दशकात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. अशा अनेक इमारतींच्या मागच्या आवारात मोटारींसाठी गाळे काढलेले आढळतात. या इमारती सिमेंट-काँक्रीटच्या. त्यांच्याबरोबर वाहनाच्या जागेत जी जमीन आली ती दगडाची नव्हती, ओतलेली होती: कोबा.

कोब्याची कथा पुन्हा शहाबादलाच येऊन मिळते. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले. भारतात ते बराच काळ पिंपांतून आयात होई, त्यामुळे ते धरणे, पूल आणि सरकारी इमारती यांच्यापुरते राहिले. १९१४ मध्ये पोरबंदरला देशी सिमेंटचे उत्पादन सुरू झाले, पहिल्या महायुद्धाने आयात आटवली आणि एकामागून एक कारखाने निघाले. ज्या चुनखडकाच्या फरश्या निघत तोच भाजून-दळून सिमेंट करणारी शहाबाद सिमेंट कंपनी त्यांतलीच. १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी बनली, तेव्हा शहाबाद तिच्यात होती. एकाच दगडाच्या दोन वाटा झाल्या: एक थर म्हणून उचलून फरशी, दुसरी भट्टीतून जाऊन भुकटी. पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्रातल्या बंगल्यांत या दोघी एकमेकींवर बसल्या, खाली सिमेंटचा माल आणि वर फरशी.

सिमेंट खपावे म्हणून लोकांना ते वापरायला शिकवणेही आवश्यक होते. ते काम १९२७ मध्ये स्थापन झालेल्या काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडियाने अंगावर घेतले. ‘इंडियन काँक्रीट जर्नल’ त्याच वर्षी मुंबईत सुरू झाले. घरगुती कोब्याची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. खडी, वाळू, सिमेंटचा दोन-तीन इंची थर चौकटी पाडून टाकायचा, म्हणजे आकसताना चिरा हव्या तिथेच जातात. चौकटींमध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या करायच्या, वरचा पृष्ठभाग घोटायचा आणि चढाच्या जागी दोरी दाबून रेघा ओढायच्या, म्हणजे ओल्या टायरला पकड मिळते. मग आळी घालून निदान आठवडाभर पाणी साठवायचे. कोब्याचे नुकसान झाले ते घाईने. माल जास्त पातळ कालवला, वरून कोरडे सिमेंट भुरभुरवून चकाकी आणली, पाणी दोनच दिवस मारले, की वर्षभरात जाळीदार तडे जातात आणि झाडू मारला की भुकटी निघत राहते.

याच काळात घराच्या आत रंगांचा सण चालू होता. १८७२ मध्ये उघडलेल्या भायखळ्याच्या संग्रहालयात, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या टाइल्स बसल्या होत्या. त्या तोडीचे काम इथेच व्हावे या स्वदेशी ईर्षेने फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी १९२२ मध्ये भारत टाइल्स सुरू केली. दाबयंत्रात रंगीत सिमेंट भरून केलेल्या या नक्षीच्या लाद्यांनी मुंबईच्या दिवाणखान्यांना त्यांचा चेहरा दिला. पाठोपाठ संगमरवराच्या चिपांची मोझेक टाइल घरोघर आली. या लाद्या गाडीखाली मात्र सहसा गेल्या नाहीत, आणि कारण सौंदर्याचे नव्हते. लादीचा रंगीत किंवा चिपांचा थर फक्त वरचे काही मिलिमीटर असतो. तो झिजला की साधे सिमेंट उघडे पडते. सिमेंटच्या लाद्यांसाठीच्या आयएस १२३७ या भारतीय मानकात घासण्याची चाचणी दिली आहे. नेहमीच्या लादीची सरासरी झीज साडेतीन मिलिमीटरपर्यंत चालते, जड वापराच्या लादीची दोनपर्यंतच. शहाबादी फरशीला असा वरचा-खालचा भेद नाही. ती जितकी झिजेल तितकी आतून तीच निघते.

१९६० नंतर महाराष्ट्राच्या शहरांत वाहन म्हणजे मोटार राहिली नाही. बजाजने त्या सुमारास परवान्यावर व्हेस्पा बनवायला सुरुवात केली, १९७२ मध्ये चेतक आली, आणि वाड्याच्या दिंडी दरवाजातून, फळी टाकून, स्कूटर चौकात चढू लागली. जमिनीच्या दृष्टीने हे वाहन मोटारीपेक्षा दुष्ट. शंभर किलोची स्कूटर स्टँडवर चढवली की भार टायरवर न राहता स्टँडच्या लोखंडी टोकांवर जातो, आणि चढवताना ती टोके जमिनीवर घासत ओढली जातात. कोब्यात त्यांनी खळगे पाडले. शहाबादीवर पांढरे ओरखडे उमटवले. त्या चार-सहा इंचांपुरती लोखंडी पट्टी किंवा जाड रबराचा तुकडा टाकण्याची साधी युक्ती ज्यांनी केली त्यांच्या फरश्या आजही शाबूत आहेत.

त्याच वर्षांत सिमेंट दुर्मीळ झाले होते. भाव आणि वाटप सरकारी नियंत्रणाखाली, घर बांधणाऱ्याला परमिटसाठी खेटे. या टंचाईने राजकारणही हलवले. सिमेंट वाटपाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांना पद सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. ते पूर्णपणे १९८९ मध्ये गेले. गॅरेज हा घराचा सर्वांत शेवटी होणारा भाग. पोती संपत आलेली असताना त्याचा कोबा टाकला जाणार, म्हणजे थर पातळ आणि माल वाळूकडे झुकलेला. त्या काळातल्या फुटक्या कोब्यांकडे पाहताना परमिटची रांगही आठवायला हवी.

पुढे अपार्टमेंट आली आणि गॅरेजच्या खोलीच्या जागी खांबांमधले मोकळे पार्किंग आले. इथे दोन वस्तूंनी जम बसवला: चेकर्ड टाइल आणि पेव्हर ब्लॉक. पेव्हरचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नेदरलँड्समधला. भाजलेल्या विटांचे रस्ते ही त्या देशाची परंपरा. युद्धानंतरच्या पुनर्बांधणीत विटा पुरेनात, तेव्हा त्याच मापाचे काँक्रीटचे ठोकळे केले गेले. पुढे जर्मनीत त्यांना एकमेकांत गुंतणारे आकार मिळाले. ठोकळे वाळूवर बसतात, सांध्यांत वाळूच भरतात आणि कडेला पक्के बंधन असेल तर चाकाचा भार शेजारच्या ठोकळ्यांत वाटला जातो. भारतीय मानक आयएस १५६५८ च्या २००६ च्या आवृत्तीत हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ दर्जाचे काँक्रीट सांगितले होते. घरच्या गाडीला तेवढे पुरते. नाव बदनाम झाले ते कडेचे बंधन नसलेल्या, खालचा थर न दाबलेल्या फुटपाथांमुळे. उखडला तर ठोकळा तसाच पुन्हा बसवता येतो आणि पावसाचे थोडे पाणी सांध्यांतून जमिनीत मुरते. हे दोन्ही गुण कोब्यात नाहीत.

अलीकडे चकचकीत इपॉक्सीचा थर घरगुती गॅरेजपर्यंत पोचला आहे. तेल तो शोषत नाही, धुतला की स्वच्छ होतो. पण कोब्याखालून ओल येत असेल तर पावसाळ्यात तो फुगतो आणि पापुद्र्याने सुटतो; कोकणात आणि मुंबईत हा धोका मोठा. नवा कोबा टाकतानाच खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला, कोबा पुरेसा वाळू दिला, आणि मगच इपॉक्सी चढवली, तर ती टिकते. जुन्या, ओल धरणाऱ्या जमिनीवर तिच्यामागे लागू नये. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलही इथे नको. ओल्या चाकाला आणि ओल्या चपलेला ती सारखीच फसवते.

शहाबादीचा उणेपणाही सांगायला हवा. तो चुनखडक आहे, त्यामुळे आम्ल त्याला खाते. बॅटरीतले गंधकाम्ल सांडले की तिथे फेस येऊन खड्डा पडतो आणि डाग काढायला ओतलेले ‘ॲसिड’ फरशीची सालच काढते. न घोटलेला दगड तेल पितो. सांडल्याबरोबर भुसा किंवा कोरडी माती टाकून ते उचलावे लागते, आणि मुरलेल्या डागाला साबणसोड्याचे पाणी लावावे लागते. तरीही बंगल्याच्या पोर्चसाठी दीड इंची, न घोटलेली, कडेने सरळ कापलेली शहाबादी, भरीव मालावर आणि दारापासून बाहेर ढाळ देऊन बसवलेली, हा आजही महाराष्ट्रातल्या हवामानाला पेलणारा चांगला पर्याय आहे. एक फुटली तर एकच बदलता येते.

वाडे पाडले जातात तेव्हा या फरश्या भंगारात जात नाहीत. सागवान, दारे, कड्या-कोयंडे यांच्यासोबत जुना माल घेणारे त्याही उचलतात. चुन्याच्या मालात बसवलेली फरशी पहारीने अखंड सुटते. सिमेंटात जखडलेली बहुधा तुकड्यांत निघते. अखंड निघालेल्या फरश्यांवरचा चुना खरवडून, कडा नव्याने कापून त्या ब्रासच्या हिशेबाने विकल्या जातात. पावलांनी गुळगुळीत झालेली बाजू खाली आणि खाणीतून निघाल्यापासून उजेड न पाहिलेली खडबडीत बाजू वर करून बसवली, की टायरला हवी ती पकड तिच्यात तयारच असते.